अनुभव धागा : टेन्शन आणि बीपी – आपल्याकडचे अनुभव

"टेन्शननं वाढलंय, टेन्शन गेलं की उतरंल." मराठवाड्यात हे घरोघरी ऐकू येतं आणि त्यापायी गोळ्या बंद होतात, म्हणून हा धागा. मनावर ताण आला की अॅड्रेनालिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. बीपी तेवढ्यापुरतं चढतं. पण तोच ताण झोप उडवतो, तंबाखू-दारू वाढवतो, तेव्हा प्रकरण मुरतं. तुमच्या घरात काय झालं, मोकळेपणानं लिहा.

धाराशिव : सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत आमचं सोयाबीन पाण्यात गेलं. आण्णा बांधावर जाऊन यायचे, जेवताना एक शब्द नाही. रात्री ओट्यावर बसून तंबाखू मळायचे. उपकेंद्रात बीपी 170/104 निघालं. गोळी घ्यायला तयार नाहीत. म्हणे पैसे आले की उतरंल. मदत खात्यावर आली, आकडा मात्र हलला नाही. शेवटी आशाताईच रोज दारात यायला लागल्या, "आण्णा, माझ्यासमोर घ्या." गोळी लागू पडली. तंबाखू अजून सुटली नाही, त्याची काळजी वाटते.

लातूर : लेकराची नीटची तयारी आणि बीपी माझं! दवाखान्यात 156, घरी 126. डॉक्टर म्हणाले, काहींचं दवाखान्यातच चढतं, घरी मोजून वही आणा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, त्याआधी अर्धा तास चहा नाही. घरी सरासरी 135/85 च्या वर गेली तरच जास्त धरायचं. गोळी लागली नाही, पण मोजणं सोडलेलं नाही.

बीड : आईदादा ऊसतोडीला जातात. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेल का, हा घोर कायमचा. दादांच्या बीपीच्या गोळ्या गावच्या आरोग्य केंद्रातून मिळायच्या. तिकडं कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, संपल्या की संपल्या. एकदा फडातच चक्कर येऊन पडले. आता निघतानाच पुढच्या गोळ्या मागून घेतो, चिठ्ठीचा फोटो आईच्या मोबाइलवर ठेवतो.

औसा : 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आजी कित्येक वर्षं घरात झोपली नाही. बीपीची गोळी चालू होती, भीतीवर कुणी बोललंच नाही. तेव्हा सोय नव्हती. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. माझ्या भावानं लावला होता, नीट ऐकून घेतलं.