मदत हवी आहे: जुनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटार, कंपनी कोणती?

नमस्कार मंडळी, दारव्ह्याकडच्या आमच्या गावातली ऑर्केस्ट्रा पार्टी कधीचीच बंद पडली, त्यांच्या पेटीतून मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार हाती लागली. 6 तारा, अंगावर मोत्यासारखं चमकणारं पांढरं प्लास्टिक, फ्रेट (सुरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या) नुसते रंगवलेले. नावाची पट्टी गायब, स्क्रूची दोन भोकं तेवढी हायेत. गंमत म्हणजे तारा पिकअपवरून (तारांचा आवाज पकडणारा विजेचा भाग) नाही, त्याच्या आतून जातात! रिकनबॅकर कंपनीच्या गिटारीसारखं घोड्याच्या नालेच्या आकाराचं मॅग्नेट नाही, वर सपाट पत्रा, म्हणून मला अमेरिकेतल्या शिकागोची सुप्रो कंपनीची वाटते.

सिरीयल नंबर कुठंच सापडला नाही. मागचं झाकण खोललं तर व्हॉल्यूमच्या पॉटवर (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) 304 दिसलं, म्हणजे अमेरिकन स्टॅकपोल कंपनीचा पॉट, पण तो कधी बनला ते सांगणारे पुढचे आकडे गंजले, रॉकेलचा बोळा फिरवून पाहिला, काही उपयोग नाही. मीटरवर पिकअप चालू दाखवते. मेकॅनिक म्हणे नवीनच पिकअप टाकून देतो, म्या हात लावू दिला नाही बाप्पा. विकायची नाही, नि सोयाबीन निघेपर्यंत नागपूरला नेणंही जमत नाही. फोटो सांगाल त्या बाजूचा काढून टाकतो.

हवाईयन गिटारी कलकत्त्यालाही बनायच्या, मग ही खरी अमेरिकन का अमेरिकेचा पॉट टाकून इथंच बनवलेली, हे कशावरून ओळखायचं? आणि तो गंजलेला नंबर खराब न करता वाचायचा कसा?