मागच्या भिंतीकडचा टाकळा राहू द्या

सचिव: नमस्कार. आपल्या सोसायटीच्या मागच्या कंपाउंडलगत रान खूप माजलं आहे. शनिवारी सकाळी माणूस येऊन तणनाशक मारेल. मुलांना त्या बाजूला पाठवू नये.

बी-१०४: सचिवसाहेब, हात जोडून विनंती, शनिवारचं थांबवा. तिथे नुसतं गवत नाही. भिंतीच्या कडेने टाकळा आलाय, पंपाच्या खोलीपाशी कुर्डू आहे, कोपऱ्यातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलीय आणि गेटकडे अडुळशाची दोन झुडपं आहेत. परवाच तिथला टाकळा खुडून मी भाजी केली. एकदा फवारलं की या पावसाळ्यात तिथलं पानही तोंडात घालता येणार नाही.

ए-६०२: काकू, पण डेंग्यूचं काय? मागच्या वर्षी आमच्या मजल्यावर दोघांना झाला होता.

बी-१०४: माहीत आहे रे, त्यांना डबा मीच देत होते. पण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचे उघडे ड्रम, फ्रीजमागचा ट्रे. टाकळा जाळून तो कमी होणार नाही. ताटल्या दर आठवड्याला घासून कोरड्या करायला हव्यात. बी विंगच्या मी बघते, ए विंगचं कोण बघेल?

ए-६०२: मी बघतो.

सी-३०५: टाकळा म्हणजे आमच्या विदर्भातला तरोटाच ना? आजी पहिल्या पावसानंतर करायची. घोडबंदर रोडवर तो उगवतो हेच माहीत नव्हतं.

बी-१०४: तोच. आपल्या बिल्डिंगी उभ्या राहायच्या आधीपासून तो इथे आहे. कोवळा असतानाच घ्यायचा, फक्त वरचे शेंडे. श्रावणात पिवळी फुलं धरली की पान निबर होतं. निवडताना वास उग्र येतो, त्याने घाबरू नका, शिजल्यावर जातो. तेलात भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा, भिजवलेली मूगडाळ, मग पाला. झाकण ठेवून वाफ आणायची आणि वरून ओलं खोबरं. जोडीला तांदळाची भाकरी. पहिल्यांदा थोडीच खा, टाकळा पोट साफ करतो. कुर्डूही असाच, पण तुरा यायच्या आत.

सी-३०५: आणि शेवळं? तीही रानभाजीच ना?

बी-१०४: ती आता संपली. ती मे अखेर, जूनच्या सुरुवातीला येतात. जांभळी नाक्यावर बायका पाटी घेऊन बसतात, शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतात. ती आंबट हिरवी फळं घातल्याशिवाय शेवळं करायचीच नाहीत. आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भागही काढून टाकावा लागतो. नाहीतर घसा असा खवखवतो की पाणीही गिळवत नाही. अळूसारखेच बारीक टोकदार स्फटिक असतात त्यात, आंबटाने ते निवतात. सध्या भारंगी मिळेल. तिचा पाला कडू, म्हणून उकळून पाणी पिळून टाकायचं आणि वालाबरोबर करायची.

ए-२०१: ताई, आत्ता खाली जाऊन आले. फोटो टाकलाय. हा टाकळाच ना? धुऊन ठेवलाय, चिरू?

बी-१०४: चिरू नको! थांब. फोटो मोठा करून बघते.

बी-१०४: हा टाकळा नाही, कासविंदा आहे. एका देठावरच्या पानांच्या जोड्या मोज. टाकळ्याला तीन जोड्या असतात आणि पान टोकाला गोल. तुझ्या फोटोत पाच जोड्या आहेत, पानं टोकदार. टाकळ्याची शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी, वर वळलेली. सगळं टाकून दे, हात साबणाने धू.

ए-२०१: बाप रे. टाकलं. विषारी असतो का?

सी-७०१ (डॉक्टर): काकूंनी वेळेवर थांबवलं. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं अचानक उलट्या होऊन बेशुद्ध पडत, बरीच दगावत. अनेक वर्षं तो मेंदूज्वर समजला गेला. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी दाखवलं, की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. मेंदू, यकृत आणि स्नायू तिन्हींवर परिणाम होतो. आपल्याकडे मुलं त्याच भिंतीपाशी क्रिकेट खेळतात.

सचिव: म्हणजे फवारणी करावीच लागेल.

बी-१०४: नाही साहेब. कासविंदा शेंगा धरायच्या आत मुळासकट हाताने उपटायचा. ओली जमीन आहे, सहज निघतो. मी प्रत्येक झाड दाखवते. कुंपणाच्या पिवळ्या कण्हेरीचं काय करायचं तेही ठरवू या. ती तर आपणच लावलीय आणि तिचं बी हृदयावर घाव घालतं. ओळख नसलेलं एकही पान खाऊ नये, हे मला पटतं. म्हणून ओळख करून घेऊ.

ए-६०२: बाबांना शुगर आहे. त्या गुळवेलीचा काढा रोज दिला तर चालेल? सगळे म्हणतात प्रतिकारशक्ती वाढते.

बी-१०४: हे डॉक्टरताईंनी सांगावं. भाजीचं मी छातीठोक सांगेन, औषधाचं नाही. २०२० मध्ये मीही यांना रोज कपभर काढा द्यायचे, ना मोजमाप, ना वैद्यांना विचारणं. आज वाटतं, मी तसं करायला नको होतं.

सी-७०१ (डॉक्टर): रोज देऊ नका. गुळवेलीने साखर उतरू शकते, गोळ्यांबरोबर ती जास्तच खाली जाईल. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. दोन्ही बाजू धरल्या तरी घरच्या घरी सुरू करू नये, हेच निघतं. अडुळशाचंही तसंच. खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्सीन अडुळशातल्याच द्रव्यावरून घडवलंय, म्हणजे पानात जोर आहे. म्हणूनच गरोदर बाईने तो घेऊ नये.

बी-१०४: गवती चहा, आलं, तुळस घालून कोरा चहा कुणी कधीही मागा. पानओव्याची कुंडी माझ्या दारात आहे, भज्यांसाठी पानं घेऊन जा. आणि कृपा करून कुणी येऊरला जाऊन पिशव्या भरून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे. रानभाज्या विकून पाड्यावरच्या बायका पावसाळ्यात दोन पैसे मिळवतात. त्यांच्याकडून विकत घ्या, घासाघीस करू नका. त्यांना जितकं कळतं त्याच्या पावपटही मला येत नाही.

सचिव: ठीक आहे. शनिवारच्या माणसाला नाही सांगतो. रविवारी सकाळी ८ वाजता माळी विळा घेऊन येईल. पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी तीन फूट गवत कापायचं, म्हणजे सापाचीही भीती नको. राखायची झाडं कोण दाखवणार?

बी-१०४: मी. प्रत्येकाला सुतळी बांधून ठेवते. बूट घालून या, आणि मुलांनाही आणा. कासविंद्याची पानं त्यांनी स्वतः मोजली की लक्षात राहील.

ए-२०१: आम्ही दोघी येतो.