अंतिम वर्षात कोडिंग क्लबचे अध्यक्षपद स्वीकारावे का?

प्रश्न: विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, सोलापूर

नमस्कार. आमच्या महाविद्यालयातील कोडिंग क्लबचे अध्यक्षपद पुढील वर्षासाठी मी स्वीकारावे, असे मार्गदर्शक प्राध्यापकांनी सुचवले आहे. या क्लबमध्ये मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सी आणि पायथन शिकवते आणि ते काम मला मनापासून आवडते. मात्र हे पद माझ्याकडे येईल ते नेमके अंतिम वर्षात, म्हणजे कंपन्या प्लेसमेंटसाठी येऊ लागतात त्याच काळात. वडिलांचे म्हणणे असे की, आधी नोकरी पदरात पडू दे, बाकीचे नंतर पाहू. मुलाखत घेणारे अशा पदाला खरोखर किंमत देतात का, आणि पहिल्या नोकरीत त्याचा काही उपयोग होतो का, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर: सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

नवोदितांच्या मुलाखती घेणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: पदाच्या नावाला जवळजवळ काहीही किंमत नसते. मोठ्या भरतीत पहिली चाळणी लागते ती गुणांची, बॅकलॉगची (अनुत्तीर्ण राहिलेल्या विषयांची) आणि ऑनलाइन परीक्षेची, आणि त्या टप्प्यावर अध्यक्ष कोण होते हे कोणी पाहतही नाही. त्यामुळे वडिलांची काळजी रास्त आहे आणि सरावाचे रोजचे तास क्लबसाठी मोडू नयेत.

तांत्रिक मुलाखतीत मात्र चित्र बदलते. तेथे मी शोधत असतो ते हे की, उमेदवाराने इतरांनी प्रत्यक्ष वापरलेले काही तयार केले आहे का. समजा, क्लबच्या कार्यशाळेसाठी नावनोंदणीचे संकेतस्थळ तुम्ही स्वतः बनवले. शेवटची एकच जागा उरलेली असताना दोघांनी एकाच क्षणी नोंदणी केली, तर ती जागा दोघांनाही मिळू नये यासाठी डेटाबेसमध्ये काय केले? यूपीआयने पैसे कापले गेले, पण पावती येण्याआधीच नेटवर्क गेले आणि विद्यार्थ्याने पुन्हा बटण दाबले, तर दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ नयेत याची व्यवस्था काय? ट्रान्झॅक्शनची, म्हणजे सर्व पायऱ्या एकत्र पूर्ण होतात किंवा एकही होत नाही अशा डेटाबेसमधील व्यवहाराची, व्याख्या पाठ असणारे पुष्कळ भेटतात, परंतु ज्याच्या संकेतस्थळावर खरी गर्दी येऊन गेली आहे त्याचे उत्तर वेगळेच असते, आणि ते दोन मिनिटांत ओळखू येते. ‘पाच कार्यक्रमांचे आयोजन केले’ या ओळीवर मला पुढे विचारण्यासारखे काही सापडत नाही.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकातून श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला; त्याचे काम सुरू झाले होते २००८ मध्ये. अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो, म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ते प्रक्षेपणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडले होते. असे काम टिकते ते दरवर्षी जाणारी तुकडी येणाऱ्या तुकडीला समजेल अशा रीतीने सर्व काही लिहून ठेवते म्हणून. सॉफ्टवेअरच्या व्यवसायातही हेच लागते, कारण येथे माणसे सतत बदलतात आणि कोड मागे राहतो. विद्यार्थिदशेत नेतृत्व शिकायचे असेल तर ते हेच शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर: नुकतीच नोकरीस लागलेली अभियंता, बंगळुरू

वरील मताशी मी सहमत आहे. पहिल्या नोकरीविषयी माझा अनुभव सांगते. नव्या मुलीच्या हाती कोणी कोरी पाटी देत नाही. आधी जुन्या कोडमधील लहान दोष दुरुस्त करायला मिळतात, मग आपला बदल ज्येष्ठ सहकारी तपासतात आणि ओळीओळीवर शंका विचारतात. त्या शंका मनाला लावून न घेता उत्तर देणे, आणि पुढे दुसऱ्याच्या कोडमधील चूक त्याला न दुखावता दाखवणे, हे मला क्लबमध्ये कनिष्ठांचे प्रोग्राम तपासताना जमू लागले होते. तुम्ही आज शिकवत आहात, म्हणजे हा सराव तुमचा सुरूच आहे.

एक सूचना मुलगी म्हणून. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठीच्या सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असावीच लागते. नियम चांगला आहे, पण अनेक संघांत तिच्याकडे केवळ सादरीकरण आणि स्लाइड सोपवल्या जातात. अध्यक्ष झालात, तर संघ बांधतानाच प्रत्येकीच्या वाट्याला कोडचा एखादा भाग येतो आहे का, हे पाहा. गुगल समर ऑफ कोडचाही विचार करा; त्यात नवोदित मार्गदर्शकांच्या मदतीने मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्पांवर काम करतात. त्याचे प्रस्ताव मार्च-एप्रिलच्या सुमारास द्यावे लागतात आणि मोठ्या प्रकल्पाला सुमारे ३५० तास लागतात. विद्यापीठाची परीक्षा मे-जूनमध्ये येत असेल तर सुमारे १७५ तासांचा मध्यम प्रकल्प निवडणे शहाणपणाचे.

उत्तर: सहायक प्राध्यापक, संगणक विभाग

अडचण पदाची नसून त्याच्या कालावधीची आहे. बहुतेक क्लबांची कार्यकारिणी जुलैमध्ये बदलते आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांवर प्लेसमेंटच्या ऐन हंगामात सारा भार पडतो. आमच्या विभागात कार्यकाळ जानेवारी ते डिसेंबर ठेवला आहे. अध्यक्षाला तृतीय वर्षाचे दुसरे सत्र पूर्ण मोकळे मिळते, आणि जुलैपासून द्वितीय वर्ष संपवून आलेले उपाध्यक्ष रोजचे काम सांभाळू लागतात, तेव्हा अध्यक्ष केवळ सल्ल्यापुरते उरतात. तुमच्या प्राध्यापकांपुढे हा पर्याय ठेवून पाहा. सभागृहाची परवानगी आणि खर्चाची मंजुरी मिळवण्याचे काम मात्र प्राध्यापकांकडेच राहू द्या; विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त वेळ तेथेच जातो.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. कालावधीचा पर्याय मी उद्याच सरांपुढे मांडते. तो मान्य झाला तर पद स्वीकारेन. नावनोंदणीचे संकेतस्थळ बनवण्याचेही ठरवले आहे, कारण आतापर्यंत आम्ही गुगल फॉर्मवरच भागवत होतो. पुढील तुकडीच्या हाती काम देताना सर्वांत आधी काय लिहून ठेवावे?

सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

लिहिण्याआधी खाती पाहा. संकेतस्थळाचे डोमेन (पत्ता), गिटहब (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) आणि क्लबचा ईमेल यांपैकी काहीही कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नसावे. गिटहबवर क्लबच्या नावाने ऑर्गनायझेशन (सामायिक खाते) उघडा आणि तिचे किमान दोन मालक ठेवा, त्यातील एक द्वितीय वर्षाचा असू द्या. त्यानंतर नव्या संगणकावर प्रकल्प कसा चालू करायचा हे रीडमी फाइलमध्ये लिहा, आणि ते वाचून पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला तुमच्या मदतीविना तो चालू करता येतो का, हे शेजारी बसून पाहा. तो जेथे अडेल तेथे भर घाला.