जस्ट-इन-टाइम कंपायलेशनला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट इंजिनं वेगवान कशी झाली, यावर लिहितोय. 'जिट (जस्ट-इन-टाइम) कंपायलेशन'पाशी, म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच त्याचा मशीन कोड (प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना) करण्यापाशी, गाडी अडली. 'ऐनवेळचे संकलन' चालेल?

— 'ऐनवेळी' नको. ऐनवेळी माणसं दगा देतात, माइक बंद पडतो. शब्दालाच धांदलीचा वास आहे. आणि 'संकलन' म्हटलं की कुणीतरी लेख गोळा करतंय असं वाटतं. कंपायलर राहू द्या की.

— 'आयत्या वेळी'? सभेच्या पत्रिकेत आयत्या वेळचे विषय असतातच.

— पण 'आयता' म्हणजे तयार हातात आलेला. आयता कोड सी भाषेतला, आधीच कंपाइल करून ठेवलेला. जिट नेमकं त्याच्या उलट! शिवाय 'वेळी' म्हणजे कधी, हाच तर घोळ आहे. २००८ मध्ये क्रोम ब्राउझरबरोबर त्याचं व्ही८ हे जावास्क्रिप्ट इंजिन आलं तेव्हा त्यात इंटरप्रिटर नव्हताच. फंक्शनला (प्रोग्रामच्या नाव दिलेल्या तुकड्याला) पहिली हाक गेली की थेट मशीन कोड. त्याला 'ऐनवेळी' शोभलं असतं. पुढे २०१६-१७ मध्ये मेमरी वाचवायला इग्निशन हा इंटरप्रिटर आणला. इंटरप्रिटर म्हणजे दुभाषा, तेच वाक्य हजारदा आलं तरी हजारदा सांगणार. इंजिन शेजारी बसून बघतं. एखादं फंक्शन पुन्हापुन्हा येऊन 'तापलं', की तेवढ्याचाच मशीन कोड करतं. म्हणून मी 'चालता-चालता कंपायलेशन' म्हणेन.

— हे पटलं. त्यात अंदाजही आला पाहिजे मात्र. अ + ब करणाऱ्या फंक्शनला दहा हजार वेळा आकडेच मिळाले, तर इंजिन फक्त आकड्यांची बेरीज करणारा कोड बनवतं. मग कुणीतरी ५ ऐवजी '५' ही अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर) देतं. '५' + ७ म्हणजे १२ नव्हे, '५७'. अंदाज चुकला, चालत्या गाडीला खीळ! तो कोड सोडून पुन्हा दुभाष्याकडे. याला म्हणतात डीऑप्टिमायझेशन.

प्रश्नकर्ता: त्याला 'माघार' म्हणू?

— माघारीत हरल्याचा सूर आहे. इथे चूक उत्तर टाळायला इंजिन आपणहून पायरी उतरतं. व्ही८मध्ये पायऱ्याही आहेतच: दुभाषा इग्निशन, मग चढत्या क्रमाने वेगवान कोड बनवणारे कंपायलर स्पार्कप्लग, मॅगलेव्ह, टर्बोफॅन.

प्रश्नकर्ता: मग 'पायउतार'!

— तो मंत्र्यांसाठी राखीव आहे. पण घ्या, मजा येईल.