स्कूटरवरचा वारा वेगळा मोजा

वर एका ताईंनी विचारलंय की दोन स्वेटर घालूनही लेक शाळेत पोचेपर्यंत काकडतो, असं का. माझ्या मते दोष स्वेटरचा नाही, स्कूटरचा आहे. पारा ८ अंशांवर असताना ताशी ४०च्या वेगाने अंगावर येणारा वारा उघड्या कातडीला ३ अंशांसारखा झोंबतो. विणलेल्या स्वेटरमधून तो आरपार जातो. म्हणून स्वेटर एकच ठेवा आणि वरून विंडचीटर किंवा साधा रेनकोट चढवा. आणि पोराला पुढे उभं करू नका, मागे बसवा.

आम्ही निफाडकडचे. तिथे पारा ५च्या खाली गेला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटतात, पाणी सोडतात. वेलींची एवढी काळजी, पण पोरं मात्र अर्ध्या चड्डीत बसची वाट बघत उभी!

आणखी एक. मुलगी मैदानावरून आली की मी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवते. बनियन घामाने ओलं असेल तर तिथल्या तिथे बदलते, कारण ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. बोटं बधिर झाली असतील तर चोळू नका, शेकोटीवरही धरू नका, भाजलेलं कळत नाही. आपल्या काखेत धरा. लांब मफलर स्कूटरवर नकोच, चाकात जातो, कानटोपी बरी.

पोर कुडकुडायचं थांबून गुंगीत बरळायला लागलं तर मात्र आल्याचा काढा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.