मदत हवी आहे : सीपॅपची नळी धुतली की रात्रीपर्यंत वाळतच नाही

साखरझोप :

मला स्लीप ॲप्निया आहे, म्हणजे झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडकतो. सात महिने झाले, रोज सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, लावून झोपते. मशीनबद्दल तक्रार नाही. सकाळी डोकं हलकं असतं म्हणजे काय, हे मी विसरूनच गेले होते. तक्रार आहे ती धुण्या-वाळवण्याची.

दर रविवारी सकाळी मास्क, नळी आणि हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरची टाकी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुते. मास्क तासा-दोन तासांत कोरडा होतो. टाकी पुसली की झालं. पण ती नळी! जवळजवळ दोन मीटर लांब आणि आतून खाचाच खाचा. सकाळी नऊला धुतलेली नळी रात्री अकराला उजेडासमोर धरली तरी आत थेंब चमकतात. सध्या हवाही दमट आहे, त्यामुळे बघायलाच नको. मागच्या रविवारी कंटाळून तशीच जोडली. पहाटे तीनला गुडगुड आवाजाने जाग आली, कूस बदलली आणि थेट नाकात गार पाणी. नवरा दचकून उठला, त्याला वाटलं मी बुडतेय.

तर, नळी लवकर वाळवायची युक्ती सांगा. उन्हात टाकू का? हेअर ड्रायर मारू का? ओलसर राहिली तर काही अपाय होतो का? शिवाय ओझोन सोडून सगळं आपोआप निर्जंतुक करणारी पेटी मिळते म्हणे. ती घेतली आणि धुणंच सुटलं तर मी एका पायावर तयार आहे.

आणि हो, दोन-तीन आठवडे मशीनच्या हवेला कुबट वास येतोय. नवऱ्याला येत नाही, म्हणून तो म्हणतो तुझ्या मनाचे खेळ आहेत.

निमूट :

ऊन नको, ड्रायरही नको. उन्हाने सिलिकॉन आणि प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, ड्रायरच्या गरम झोताने आकार बिघडतो. सावलीत, वारा खेळता असेल तिथे.

घोरणारे गुरुजी :

अकरा वर्षं हे मशीन वापरतोय, म्हणून आगाऊपणे आधी एक प्रश्न. नळी अडकवता कशी? नीट वर्णन करा.

साखरझोप :

न्हाणीघराच्या दारामागे खुंटी आहे. दोन्ही टोकं खुंटीवर अडकवते, मधला भाग खाली लोंबतो. टोकं जमिनीला लागू नयेत म्हणून.

घोरणारे गुरुजी :

सापडला चोर! तुम्ही नळी वाळत घालत नाही, पाण्याचा झोका बांधता. सगळं पाणी मधल्या वळणात उतरतं आणि दिवसभर तिथेच बसतं. वरून न्हाणीघर, म्हणजे घरातली सर्वांत दमट जागा.

उलटं करा. मधला भाग खुंटीवर, दोन्ही टोकं मोकळी, खाली. अडकवण्याआधी मोकळ्या जागेत जा, एक टोक घट्ट धरा आणि नळी गरागरा फिरवा. निम्मं पाणी तिथेच उडून जातं. भिंतींना अंतर ठेवा, मी एकदा घड्याळ पाडलंय.

तरी थेंब उरतील. नळी वाकवली तर चिमटू नये म्हणून तिला त्या खाचा असतात, आणि प्रत्येक खाच आपला थेंब धरून ठेवते. नुसतं टांगून तो सुटत नाही, त्याला आतून वारा लागतो. तो वारा तुमच्या उशाशीच आहे. बाहेरून नळी आणि तिची जोडणी कोरडी पुसून मशीनला लावा, मास्क काढलेला, टाकी रिकामी आणि कोरडी, ह्युमिडिफायर बंद. पंधरा-वीस मिनिटं नुसती हवा सोडा. नळी आतून खडखडीत. पण आधी फिरवून पाणी काढायचंच, नाहीतर ते उलट मशीनमध्ये जाईल. मोटरला पाणी लागलं की मग दुरुस्तीच्या फेऱ्या.

उंबरफूल :

गुरुजींचं सगळं मान्य, पण मला पहाटे तीनची वेळ खटकते. धुण्याचं पाणी नळीत असतं तर मशीन सुरू केल्याबरोबर, अकरा-साडेअकरालाच गुडगुडलं असतं. पहाटे खोली सर्वांत गार होते. टाकीतली उबदार, बाष्पाने भरलेली हवा गार नळीतून जाते आणि आतल्या बाजूला दव धरतं. पेल्याला बाहेरून थेंब येतात तसे हे आतून. याला रेनआउट म्हणतात. नळी कितीही कोरडी असली तरी हे होऊ शकतं.

ह्युमिडिफायरची पातळी एक-दोन घर खाली आणून बघा. नळीवर कापडी वेष्टण चढवा किंवा ती पांघरुणाखालून घ्या. मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी नाकाकडे न येता टाकीकडे परत जातं. अगदी जमिनीवर नको, धूळ ओढतं. एवढ्याने भागलं नाही तर तापणारी नळी मिळते, तुमच्या मशीनला चालते का ते आधी विचारून घ्या.

साखरझोप :

मशीन पुस्तकांच्या कपाटावर आहे. माझ्या डोक्यापेक्षा वर. आता कळलं पाणी नाकात का आलं.

फिरस्ता :

मी धुताना बादलीत थोडं जंतुनाशक घालतो. वास कायमचा जातो.

घोरणारे गुरुजी :

फिरस्ता, कृपया बंद करा. ही हवा तुम्ही रात्रभर, दाबाने, थेट नाकात घेता. जंतुनाशक, ब्लीच, अल्कोहोल, सुवासिक तेलं, सुगंधी साबण, काहीही नको. ते सिलिकॉनमध्ये मुरतं आणि फुप्फुसात जातं. सौम्य, बिनवासाचा साबण आणि भरपूर साधं पाणी एवढंच. टाकीत पांढरा थर धरला असेल तर पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून काही वेळ ठेवा आणि खळखळून धुवा. किती पातळ, ते मशीनच्या पुस्तिकेत बघा, प्रत्येकाचं प्रमाण वेगळं असतं.

उंबरफूल :

ओझोनच्या पेटीबद्दल. माझीही ती घेण्याची तयारी झाली होती, मग वाचत बसले. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर सूचना काढली होती की, सीपॅप साफ करायला विकली जाणारी ओझोनची आणि अतिनील किरणांची उपकरणं त्यांनी तोवर मंजूर केलेली नव्हती. ओझोन फुप्फुसांना झोंबणारा वायू आहे, तो नळीत उरला तर तुम्हीच ओढणार. अतिनील किरणांची अडचण साधी आहे : उजेड पोचतो तिथेच काम होतं, मास्कच्या घडीत आणि नळीच्या खाचांत सावलीच असते.

पुढे जून २०२१ मध्ये फिलिप्सने लाखो मशीन्स परत बोलावली, कारण आवाज दबवणारा पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण हवेच्या मार्गात येऊ शकत होते. ओझोनसारख्या सफाईने ती झीज वाढू शकते असंही तेव्हा सांगितलं गेलं. शिवाय यातली कुठलीच पेटी चेहऱ्याचं तेल काढत नाही. ते हातानेच काढावं लागतं.

निमूट :

त्या तेलावरून आठवलं. आठवड्यातून एकदा पूर्ण धुणं ठीक, पण मास्कची कुशन रोज सकाळी पुसा. तेलकट सिलिकॉन घसरतं, हवा गळते, आणि मग आपण पट्टे आवळत बसतो. मास्कवरच्या बारीक छिद्रांकडेही बघत जा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो. ती बुजता कामा नयेत.

टाकीतलं पाणीही रोज ओतून टाका. भरायला डिस्टिल्ड पाणी. उकळल्याने जंतू मरतात, क्षार नाही, त्यामुळे थर धरतोच. आणि सर्दी-ताप असेल तेव्हा बरं होईपर्यंत मास्क-नळी रोज धुवा.

साखरझोप :

बारा दिवसांनी परत आले. मशीन खाली स्टुलावर आलं, नळी उलटी टांगली जाते, आर्द्रता पाचवरून तीनवर. रविवारी तीन वाजेपर्यंत नळी कोरडी होते, मग वीस मिनिटं हवा. पहाटेची गुडगुड एकदाही नाही.

पण वास होताच! म्हणून एकेक भाग वगळून बघितला. आधी मास्क काढून हवा हुंगली, वास. मग नळीही काढली, तरी वास. टाकी स्वच्छ, कोरडी, रिकामी, तरीही. म्हणजे वास आत येणाऱ्या हवेलाच होता. मागचं झाकण उघडलं तर करड्या फोमचा फिल्टर चक्क दमट. मी तो धुऊन, दाबून, लगेच परत बसवत होते आणि मोठ्या अभिमानाने! त्याच्या मागचा पांढरा कागदासारखा फिल्टरही ओल लागून काळपट झालेला. मनाचे खेळ म्हणणाऱ्या नवऱ्याला तो नाकाशी धरून हुंगायला दिला. पटलं.

घोरणारे गुरुजी :

शाबास. पांढरा फिल्टर धुवायचा नसतोच, टाकून नवा घाला. फोमचा धुतला की पूर्ण दिवस वाळू द्या. मी दोन ठेवतो, एक मशीनमध्ये, एक दोरीवर. नवा घालूनही वास राहिला, किंवा खोकला, छातीत घरघर असं काही असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, डॉक्टरांना आणि मशीन देणाऱ्याला दाखवा.

साखरझोप :

तसं काही नाही, नवा बसवला आणि वास गेला. शेवटचं एकच : डोक्याचे पट्टे धुतल्यावर सैल पडलेत. पिळल्यामुळे का?

निमूट :

हो, पिळल्यानेच. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. आत्ता सैल पडलेत ते एक खूण आवळून भागवा, तेही आडवं झोपून, मशीन चालू ठेवून. बसून आवळले तर रात्री हमखास गळतात.