मुलीला गणितासाठी अमेरिकेत पाठवावे का? ज्यू विद्यार्थ्यांच्या वातावरणाविषयी विचारणा

फोंड्याची आई:
नमस्कार. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे रायगडकडचे, आणि गेली चौदा वर्षे फोंड्यात राहतो. माझी मुलगी गोव्यातच गणितात बी.एस्सी. करीत असून पुढच्या वर्षी अमेरिकेत एम.एस.साठी अर्ज करणार आहे. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातील युद्ध, यांपासून तिथल्या विद्यापीठांतील बातम्या वाचून माझा जीव थाऱ्यावर नाही. तिचे बाबा म्हणतात की गणित विभागात कोणी कोणाला धर्म विचारत नाही. मला मात्र आजीने दिलेला दाविदाचा तारा (ज्यूंचे सहा टोकांचे चिन्ह) तिने गळ्यात ठेवावा की नाही, इथपासून प्रश्न पडतो. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त शिक्षक, म्हापसा:
ताई, गणित विभाग आपोआप सुरक्षित असतो, हे तिच्या बाबांचे म्हणणे मला, चौतीस वर्षे गणित शिकवूनही, मान्य करता येत नाही. १९३३ साली जर्मनीतले ग्योटिंगेन विद्यापीठ हे गणिताचे जगातले अग्रगण्य केंद्र होते, तरी नाझी राजवट येताच तिथून ज्यू गणितज्ञ एमी नोएथर यांना काढून टाकण्यात आले आणि दुसरे ज्यू गणितज्ञ एडमंड लांडाउ यांच्या व्याख्यानावर त्यांच्याच विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. पुढे १९७० आणि ८० च्या दशकांत मॉस्को विद्यापीठाच्या गणित शाखेत ज्यू उमेदवारांना तोंडी परीक्षेत मुद्दाम अशी उदाहरणे घातली जात, की उत्तर सोपे असले तरी ते सापडणे जवळजवळ अशक्य व्हावे.

दुसरी बाजूही आपल्याच मातीतली आहे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ व इतिहासकार दामोदर कोसंबी अमेरिकेतल्या हार्वर्डमध्ये शिकत होते, त्याच दशकात तिथले अध्यक्ष लॉवेल ज्यू विद्यार्थ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीत होते. त्याच काळात गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी कोसंबींचा स्नेह जुळला, आणि परतल्यावर फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेइल यांनी त्यांना अलीगढला बोलावले. वीनर आणि वेइल दोघेही ज्यू कुटुंबांतले. एकाच वर्तुळात दार बंद करणारे आणि उघडणारे, दोन्ही प्रकारचे लोक असतात, म्हणून विषय पाहून निश्चिंत होऊ नका; विभागातली माणसे कशी आहेत, याची चौकशी करा.

मडगावकर, अमेरिकेतून परतलेला:
२०२४ च्या वसंत सत्रात मी तिथल्या एका विद्यापीठात कॅल्क्युलसच्या वर्गांना सहायक होतो. कोलंबिया विद्यापीठात १७ एप्रिलला गाझा युद्धाच्या निषेधाचे तंबू पडल्यावर आमच्याकडेही पडले. त्यांत ज्यू विद्यार्थीही होते, हे आधी सांगतो, कारण इस्रायल सरकारच्या धोरणाला विरोध आणि एखाद्या मुलीला तिच्या ताऱ्यावरून हटकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्टही घडली. माझ्या वर्गातल्या एका मुलाने महिनाभर किप्पा (ज्यू पुरुष डोक्यावर घालतात ती छोटी गोल टोपी) मोठ्या टोपीखाली लपवला आणि तक्रार केल्यावर त्याला नुसते समुपदेशनाचे पत्रक मिळाले. मला त्याची आजही चीड येते.

म्हणून अर्जापूर्वी ईमेल करून विचारा की तक्रार कोणाकडे करायची, तिची चौकशी किती दिवसांत होते आणि परीक्षा सणाच्या दिवशी आल्यास पर्यायी तारीख मिळते का. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सहावा विभाग वंश, वर्ण व राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभावास मनाई करतो. त्यात धर्म हा शब्द नसला, तरी समान वंशपरंपरेच्या आधारे ज्यू, मुस्लिम आणि शीख विद्यार्थ्यांना त्याचे संरक्षण मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे नियमभंग ठरते का, या प्रश्नाचे तीन विद्यापीठांच्या अध्यक्षांना स्पष्ट उत्तर देता आले नाही, आणि महिन्याभरात त्यांपैकी दोघींना पद सोडावे लागले. तेव्हापासून प्रशासने लेखी उत्तर जपून देतात, पण देतात. बहुतेक मोठ्या आवारांत हिलेल या ज्यू विद्यार्थी संघटनेचे केंद्र असते. तिथल्या विद्यार्थ्यांशी तिने स्वतः बोलावे.

गणिताला सध्या गर्दी आहे, कारण विदा-विज्ञान (डेटा सायन्स), वित्त आणि संगणनाकडे जाणारी वाट तिथूनच निघते. शिवाय या शाखेच्या पदवीनंतर परदेशी विद्यार्थ्याला बारा महिन्यांच्या कामाच्या परवानगीवर आणखी चोवीस महिने मिळू शकतात. त्यामुळे वर्ग मोठे भरतात आणि एकेका मुलीकडे लक्ष देणारा प्राध्यापक मिळणे कठीण होते. वर्गात किती विद्यार्थी असतात, हेही विचाराच.

फोंड्याची आई:
दोघांचेही मनापासून आभार. सर, पणजीच्या म्युनिसिपल गार्डनला गार्सिया द ओर्टा या ज्यू वंशाच्या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. त्याच्या बहिणीला १५६९ मध्ये इथेच ज्यू म्हणून जाळले, आणि इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडेही उकरून जाळली, हे मुलीला मीच शिकवले होते. काल तिने तेच मला ऐकवले आणि तारा काढणार नाही म्हणाली. मी आग्रह सोडला आहे. मडगावकर, तुम्ही सांगितलेले प्रश्न चार विद्यापीठांना आज रात्री पाठवीत आहोत. पत्र विभागप्रमुखांना लिहावे की पदव्युत्तर प्रवेशाच्या समन्वयकांना?